सुदर्शन मैदानावर का गेला

लातूर, ९ डिसेंबर २०२४

ताई,

इथल्या प्रोबेशनच्या मॅडम म्हणाल्या, घरच्या कुणाला तरी पत्र लिही. पप्पांना लिहिलं तर ते उघडणार नाहीत. मम्मीला लिहिलं तर ती हातात धरून नुसती रडत बसेल. म्हणून तुला लिहितोय. फोन मिळतो, पण ठरलेल्या दिवशी, आणि मागं रांग उभी असते. तिथं काय बोलणार?

निरीक्षणगृह म्हणजे तुला वाटत असेल तसं जेल नाही. व्हरांडा आहे, लिंबाचं झाड आहे, सकाळी प्रार्थना आणि मग शाळा. माझ्या शेजारी उदगीरचा एक जण झोपतो, तो झोपेत कानडीत बडबडतो. कुणी कुणाला 'काय केलंस' असं विचारायचं नाही म्हणतात, पण पहिल्याच दिवशी सगळे तेच विचारतात. मी म्हणालो, मी काही केलेलं नाही.

तुला कुणी काय सांगितलं असेल माहीत नाही. ताई, मी सुदर्शनला हात लावला नाही. चौकातल्या वीरेशदादानं आणि त्याच्या दोन दोस्तांनी मारलं. मी कुंपणापाशी उभा होतो. देवाशपथ. पोलिसांना पण हेच सांगितलं. सुदर्शन तुला आठवतो ना? माझ्याच वर्गातला. राखीला तू अहमदपूरला आली होतीस तेव्हा आपल्याकडं जेवला होता. तू सारखी पोळी वाढायला लागलीस तर लाजून ताटावर दोन्ही हात धरले होते त्यानं.

तो कसा आहे ते मला कुणीच सांगत नाही. त्याला नांदेडला नेलं असं ऐकलं. तू दवाखान्यात शिकतेस, तुला कळेल. विचारून कळव.

तुझा अमू

⁂

नांदेड, १५ डिसेंबर २०२४

प्रिय अमू,

पत्र मिळालं. तुझं अक्षर पाहून आधी बरं वाटलं, मग बराच वेळ वाचवेना.

तू हात लावला नाहीस यावर माझा विश्वास आहे. लहानपणी पाल मारायची असली तरी तू मला हाक मारायचास. सुदर्शनची मी चौकशी केली. डोक्याला लागलं होतं, पण आता बरा आहे. घरी गेला म्हणतात. तू त्याची काळजी करू नकोस, स्वतःकडे बघ. वेळेवर जेव.

पप्पांचा राग तुला माहीत आहे. लग्नसराई आहे, भांड्यांच्या दुकानात गर्दी आहे, म्हणून त्यांना लातूरला यायला जमलं नाही. कागदपत्रांनाही वेळ लागतो. मलाही सुट्टी नाही. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला ड्युट्या लागतात, सध्या मी सर्जरी वॉर्डात आहे. तिथं एक मुलगा आहे, ऑपरेशन झाल्यापासून बोलत नाही. त्याची आई दिवसभर त्याच्याशी बोलत बसते. शेतात काय पेरलंय, कुठली म्हैस व्याली, सगळं सांगते. मला रोज ज्वारीची चतकोर भाकरी बांधून देते. 'खा गं सिस्टर, मेसचं खाऊन वाळून गेलीस.' घर सोडल्यापासून असं मला कुणी म्हणालं नव्हतं.

लिहीत राहा.

अक्षराताई

⁂

लातूर, २२ डिसेंबर २०२४

ताई,

सुदर्शन घरी गेला हे वाचून मी उडीच मारली. उदगीरवाल्याला पण सांगितलं. आता केस लवकर मिटेल ना?

मम्मी आली होती. विभूती आणली होती, कपाळाला लावली. पप्पांचं विचारलं तर दुकान, दुकान म्हणाली. ताई, तुम्ही दोघी मला लहान समजता. दुकानाला सोमवारी सुट्टी असते.

मॅडम विचारतात, वीरेशच्या नादाला कसा लागलास? मी काय सांगू? तू नांदेडला गेलीस. पप्पा दुकानातून येऊन टीव्हीसमोर बसायचे, त्यांना फक्त मार्क विचारायचे असायचे. वरची खोली मला एकट्याला लई मोठी वाटायची. वीरेशदादा अकरावीत नापास होऊन बसलेला, पण चौकात सगळे त्याला ओळखायचे. त्यानं एकदा मला गाडीवर मागं बसवून बसस्टँडपर्यंत नेलं. 'हा आपला माणूस' असं पानवाल्याला म्हणाला. मला तोपर्यंत कुणी आपला माणूस म्हणालं नव्हतं. त्याच्या बड्डेला तलवारीनं केक कापला, ती रील मीच काढली होती. तिच्याखाली सुदर्शननं लिहिलं, 'केक कापायला सुरी पुरते, तलवार कशाला?' आणि हसण्याचं चित्र टाकलं. तेवढंच झालं होतं, ताई. बाकी काही नाही.

त्याला शाळेत जाता येतं का? माझ्यावर राग आहे का? कुणाकडून तरी काढून घे.

अमू

⁂

नांदेड, २८ डिसेंबर २०२४

प्रिय अमू,

तुझं खरं आहे. पप्पा दुकानामुळे थांबलेले नाहीत. मी फोन केला की ते 'अभ्यास कर' म्हणतात आणि फोन मम्मीकडे देतात. तुझं नाव काढलं की गप्प होतात. थोडा वेळ जाऊ दे.

सुदर्शन बरा आहे. शाळा अजून सुरू केलेली नाही.

एक विचारते. वीरेशच्या वकिलानं म्हणे असं लिहून दिलंय की सुदर्शन स्वतःच मारामारी करायला आला होता. दोन्ही बाजूंनी पोरं जमली होती म्हणतात. शाळेनं त्याच्या घरच्यांना सांगितलं की तुमचाही मुलगा त्यातलाच आहे, नाव काढून टाकू. अमू, तू तिथं होतास. शाळेपासून एवढ्या लांब, कापसाच्या जिनिंग मिलच्या मागच्या मैदानावर, सुदर्शन एकटा का आला होता?

वॉर्डातला तो मुलगा आता डोळ्यांनी माझ्या मागं मागं बघतो. उजवा हात उचलत नाही. त्याची आई त्याच्या बोटांना तेल लावते आणि म्हणते, 'ह्याच हातानं माझ्या बाळानं चित्रकलेत नंबर काढला.'

थंडी आहे. कानाला रुमाल बांधून झोप.

ताई

⁂

लातूर, ४ जानेवारी २०२५

ताई,

वेळ अमावस्येला शेतात जेवायला कुणालाच जाता येत नव्हतं, म्हणून इथंच आंबील आणि भज्जी होती. इथल्या सरांनी कुठल्या तरी शेतातून मागवली होती. लिंबाखाली पंगत केली. सगळे आपापल्या शेताच्या गप्पा मारत होते. आपल्याला शेत नाही. मी मागच्या वर्षी सुदर्शनच्या शेतात गेलो होतो. त्याच्या वडिलांनी, भुजंगकाकांनी, मला पण घोंगडी पांघरवून शेतातून फिरवलं होतं. मला भज्जी गेली नाही.

इथं मी चौथीच्या एकाला पाढे शिकवतो. सर चांगले आहेत.

तो मैदानावर का आला ते मला काय माहीत? आला असेल.

अमू

⁂

नांदेड, २७ जानेवारी २०२५

अमू,

हे पत्र वॉर्डाच्या मागच्या जिन्यात बसून लिहिते आहे. मी तुझ्याशी खोटं बोलले. पहिल्या पत्रापासून.

सुदर्शन घरी गेला नव्हता. मी ज्या मुलाबद्दल लिहीत होते, तो सुदर्शन आहे. डोक्यात रक्ताची गाठ झाली होती, ऑपरेशन करून काढली. उजवी बाजू लुळी पडली आहे आणि बोलणं गेलं आहे. डॉक्टर म्हणतात, हळूहळू येईल, पण किती येईल ते सांगता येत नाही. मला माझी ड्युटी त्या वॉर्डात लागली तेव्हा खाटेवरचं नाव वाचूनच कळलं. मॅट्रनना सांगून वॉर्ड बदलून घेता आला असता. पण कारण सांगावं लागलं असतं, आणि इथं कुणालाच माहीत नाही की माझा भाऊ कुठे आहे. मैत्रिणींना मी सांगितलंय, तू लातूरला क्लासला आहेस.

आता हेही सांगून टाकते. मला भेटीला येता आलं असतं. सुट्टी मिळत होती. लातूरच्या स्टँडवर कुणी ओळखीचं भेटलं आणि 'इकडे कुठे' म्हणालं तर काय सांगू, या भीतीनं मी आले नाही.

त्याची आई, सिंधुमावशी, मला काही विचारत नाही. मास्कमागचं तोंडही तिनं नीट पाहिलेलं नाही. भाकरी मात्र रोज देते.

आज सकाळी मी सुदर्शनचा हात व्यायामासाठी उचलत होते. मास्क खाली आला होता. त्यानं माझ्याकडे टक लावून पाहिलं, ओठ जमवले, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून शब्द निघाला. 'अमू.'

सिंधुमावशी खाटेवरून उठलीच. 'बोललं! माझं लेकरू बोललं!' पलीकडच्या खाटांवरच्या बायाही गोळा झाल्या. तो पुन्हा म्हणाला, 'अमू… अमू… फो… फो…' पुढचं येईना. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं. मावशीनं मला विचारलं, 'अमू कोण गं सिस्टर? गावात तर ह्या नावाचं कुणी न्हाई. साळंतला दोस्त असंल. त्याला भेटायला बोलवावं का?'

तिला शेतात जेवायला आलेला आणि पोलिसांच्या कागदावरचा अमरनाथ माहीत आहे. आपल्या घरातला अमू माहीत नाही.

तिला रात्रंदिवस एकच पडलंय. 'मारणारे कोण ते कळालं. पण माझं लेकरू तिथं गेलं कशाला? लोकं म्हणतेत भांडायला गेलं. त्याला साधी शिवी देता येत न्हाई, सिस्टर.'

अमू, त्यानं तुझं नाव का घेतलं?

ताई

⁂

नांदेड, ८ फेब्रुवारी २०२५

अमू,

उत्तर आलं नाही. रागावला असशील. तसा तुझा हक्क आहे.

सुदर्शनला परवा घरी सोडलं. आता महिन्यातून एकदा तपासणीला येईल. जाताना सिंधुमावशीनं शेंगांची पिशवी दिली. त्या जागी आता मुखेडचे एक आजोबा आहेत.

खोलीत मैत्रिणी रोज आपापल्या घरी व्हिडिओ कॉल करतात. माझ्याकडे फोन फिरवून 'ही आमची अक्षरा' म्हणतात, मी हात हलवते. मग बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहते.

चार ओळी तरी लिही.

ताई

⁂

लातूर, १७ फेब्रुवारी २०२५

ताई,

तुझा राग नाही आला. तू लिहिलं होतंस बरा आहे, म्हणून मी जेवत होतो. मग खरं कळलं आणि जेवण बंद झालं. सरांनी दोन दिवस शेजारी बसून जेवू घातलं. हे पत्र पण सर वाचतील. वाचू दे.

मी हात लावला नाही हे खरं आहे. पण सुदर्शनला मी बोलावलं.

रील टाकली त्याच्या दुसऱ्या दिवशी वीरेशदादा म्हणाला, 'तुझ्या दोस्तानं आपली इज्जत काढली. तू आमचा का त्याचा?' मी म्हणालो, तुमचा. 'मग बोलव त्याला.' फोन त्यानंच दिला, बोललो मी. मी म्हणालो, 'सुद्या, मी गाडीवरून पडलो. जिनिंगच्या मागं मैदानावर हाय. एकटाच हाय. घरी सांगू नको, पप्पा मारतील. ये ना.' तो सायकलवर आला. पाण्याची बाटली घेऊन आला होता, ताई. हँडलला अडकवलेली. मी कुंपणापाशी उभा, त्यानं मला पाहिलं आणि विचारलं, 'कुठं लागलं रे?' तेवढ्यात ते तिघं मागून आले.

मला वाटलं होतं दोन चापट्या मारतील, माफी मागायला लावतील, आणि रील काढतील. नंतर काय झालं ते मी पाहिलं. ओरडलो नाही. पळालो पण नाही. तिथंच उभा राहिलो. वीरेशदादानं सुदर्शनचा मोबाइल पण फोडला.

मी फोन करून बोलावलं हे कुणालाच माहीत नाही. आता पाच मार्चला बाल न्याय मंडळापुढं तारीख आहे. आपले वकीलकाका येऊन गेले. म्हणाले, 'तू फक्त उभा होतास, एवढंच बोल. त्या दिवशी तुला घरी सोडतील. पप्पा न्यायला येणार आहेत, मी त्यांना तयार केलंय.' मी फोनचं सांगितलं तर त्यांचा चेहराच उतरला. 'हे मी ऐकलेलं नाही,' म्हणाले. 'हे बोललास तर तू कटात आलास. घरी जायचं विसर.'

ताई, पप्पा येणार आहेत. मी काय करू?

अमू

⁂

नांदेड, २३ फेब्रुवारी २०२५

प्रिय अमू,

मी या पत्रात 'गप्प राहा' असं लिहिलं, आणि कागद फाडला. मग 'सांगून टाक' असं लिहिलं, तोही फाडला. तू घरी यावास, वरच्या खोलीत झोपावास, मम्मीनं तुला ओरडावं, एवढंच मला हवं आहे. आणि त्या दिवशी सुदर्शन काय सांगायला बघत होता तेही मला आता कळलंय. त्याला सांगता येत नाही. वीरेश सांगणार नाही. म्हणजे सिंधुमावशीला उत्तर देऊ शकणारा फक्त तू आहेस.

तुला काय कर म्हणून सांगण्याची माझी हिंमत नाही. तू गप्प राहिलास तरी मी तुझी बहीण आहे, बोललास तरी आहे. एवढंच नक्की सांगता येतं.

ताई

⁂

लातूर, ९ मार्च २०२५

ताई,

मी अजून इथंच आहे. यावरून तुला कळलं असेल.

सगळं सांगतो. कोर्टासारखी खोली नसते. एक लांब टेबल, पलीकडं न्यायाधीश मॅडम आणि दोन सदस्य. पप्पा आले होते, ताई. दाढी करून, पांढरा शर्ट घालून. माझ्याकडं बघितलं नाही, पण हातात पिशवी होती. मम्मी शेजारी. पलीकडच्या बाकावर सुदर्शनची आई आणि भुजंगकाका. सुदर्शनला आणलं नव्हतं.

मॅडमनी प्रेमानं विचारलं. 'अमरनाथ, त्या दिवशी तू काय पाहिलंस?' वकीलकाकांनी शिकवलेलं मी बोललो. कुंपणापाशी उभा होतो, हात लावला नाही. मॅडमनी लिहून घेतलं. 'आणखी काही सांगायचंय?' मी नाही म्हणालो. मग मॅडमनी सुदर्शनच्या आईला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय का? त्या उठल्या. म्हणाल्या, 'साहेब, शिक्षा काय द्यायची ती तुम्ही बघा. माझं लेकरू भांडखोर न्हाई, एवढं कागदावर लिहा.' मॅडम म्हणाल्या, 'तो तिथं का गेला हे समजल्याशिवाय कसं लिहिणार, बाई?' त्या खाली बसल्या. पदराचा बोळा करून तोंडात धरला.

तेव्हा मी म्हणालो, 'मॅडम, त्याला मी बोलावलं.'

वकीलकाका मध्ये बोलायला लागले, मॅडमनी हातानं थांबवलं. मी सगळं सांगितलं. गाडीवरून पडलो म्हणालो ते. बाटलीचं पण. पाण्याची बाटली म्हटल्यावर सुदर्शनची आई एकदम म्हणाली, 'निळी! निळी बाटली. मी शोधून शोधून थकले घरात.' मग भुजंगकाका उठून बाहेर गेले.

त्यानंतर पप्पा उठले. पिशवी मम्मीच्या मांडीवर ठेवली आणि निघून गेले. दारात थांबले नाहीत. मॅडम म्हणाल्या, चौकशी पुन्हा करावी लागेल, तोपर्यंत हा इथंच राहील.

मम्मी मात्र मागं राहिली. गाडी येईपर्यंत व्हरांड्यात बाकावर बसू दिलं आम्हाला. पिशवीत पप्पांनी माझ्यासाठी नवीन चपला आणल्या होत्या. मम्मीनं पायात घालून बघितल्या. बसल्या नाहीत. म्हणाली, 'पाय वाढलेत रे तुझे.' मग चपला तशाच पुन्हा कागदात गुंडाळत बसली, लई वेळ.

सुदर्शनच्या आईनं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही.

रात्री मी शांत झोपलो. सकाळी उठलो तर आधी वाटलं आज घरी जायचंय.

अमू

⁂

नांदेड, १७ मार्च २०२५

प्रिय अमू,

आज सुदर्शन तपासणीला आला होता. आईचा हात धरून चालतो आता, पाय थोडा ओढत. मी बाहेरच्या बाकापाशी गेले, मास्क काढला आणि म्हणाले, 'मावशी, मी अमरनाथची बहीण. अमू म्हणजे तोच.'

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं हात उगारेल. उगारला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, 'दोन महिने माझ्या हातची भाकर खाल्लीस.' मी हो म्हणाले. 'आन् तुला ठाव होतं.' मी हो म्हणाले.

मग तिनंच विचारलं, 'तुझा भाऊ सुटला का?' मी नाही म्हणाले. 'खरं बोलला म्हणून?' 'हो.' तिनं सुदर्शनच्या शर्टाचं बटण लावलं. 'साळंतले गुरुजी घरी आले व्हते. नाव काढणार न्हाईत म्हणाले. गावातली तोंडं बंद झाली.' मग म्हणाली, 'पर ह्याचा हात काय हालणार हाय का त्यानं?' मी म्हणाले, 'नाही, मावशी.' 'मग माफ केलं म्हण, असं मला सांगू नको. माझ्या तोंडून न्हाई निघणार.' मी म्हणाले, मी त्यासाठी आलेच नव्हते.

त्यांचा नंबर पुकारला. सुदर्शन दारात थांबून वळला. काहीतरी बोलणार होता, शब्द सापडेना, आणि आईनं त्याला आत नेलं. तो काय बोलणार होता हे तुला खोटं रचून सांगणार नाही. मला माहीत नाही.

मी खोलीवर आले. मैत्रिणी जेवत होत्या. मी म्हणाले, माझा भाऊ लातूरला क्लासला नाही, निरीक्षणगृहात आहे. एकीनं ताट उचललं आणि बाहेर गेली. दुसरीनं पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. एवढंच झालं. मी उगाच एवढे दिवस घाबरले होते, असं मात्र म्हणवत नाही. त्या बाहेर गेलेलीचं मला लागलंच.

शनिवारी भेटीची वेळ असते ना? सकाळच्या गाडीनं येते. स्टँडवर कुणी विचारलं तर भावाला भेटायला चालले म्हणून सांगेन. माझ्याजवळ तुला सांगण्यासारखं काही नवीन नाही, आणि तुलाही काही सुचलं नाही तर बोलू नकोस. वेळ संपेपर्यंत आपण दोघं शेजारी बसून राहू.

ताई